जुन्या कौलारू घराचं कोटेशन कधी मागवायचं: माझ्या वहीतल्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मागच्या वेळी काहीच लिहून ठेवलं नव्हतं त्यामुळे कोण कधी आला, काय रेट बोलला, कोणाला आपण काय शब्द दिला हे सगळं नंतर व्हॉट्सअपवर शोधत बसावं लागलं, म्हणून यावेळी पहिल्या दिवसापासून वही.

मागच्या वेळी म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरात, गुहागर साईडला एक घर बघितलं होतं. घर आवडलं आणि मी उत्साहात तीन कॉन्ट्रॅक्टरना बोलावलं. किंमत ठरलेली नव्हती, कागद बघितलेले नव्हते, नुसतं घर आवडलेलं. एक जण चिपळूणहून लेझरची मोजपट्टी घेऊन आला, दिवस घालवला, नऊ पानी कोटेशन पाठवलं. आणि मग कळलं की मालकाचे मुंबईचे चुलतभाऊ विकायला तयारच नाहीत. घर अजून तसंच आहे, त्यांच्याकडेच. पण तो कॉन्ट्रॅक्टर आता माझा फोन उचलत नाही. शेवटचं बोललो तेव्हा म्हणाला, "फुकट मोजत फिरायला मी काय मोजणी खात्यातला आहे का?" बरोबर बोलला, मला राग आला नाही.

आज बघितलेलं घर दापोली तालुक्यात, आंजर्ले ते केळशी पट्ट्यात, गावाचं नाव इथे लिहीत नाही. समुद्र चालत तीन मिनिटं. चिऱ्याचं म्हणजे जांभा दगडाचं घर, मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणी, खळं सारवलेलं नाही पण जागा मस्त आहे, विहीर, पाच माड, थोड्या पोफळी. सातबाऱ्यावर ११ गुंठे. पडवीवर कौलांऐवजी निळा पत्रा आहे, विचारलं तर मालक काका म्हणाले "निसर्गात गेली कौलं". निसर्ग म्हणजे ३ जून २०२० चं चक्रीवादळ, इकडे लोक तारखा तशाच सांगतात, निसर्गाच्या आधी आणि निसर्गाच्या नंतर.

मागणी ३८ लाख. आमचं ठरलंय की घर, कागद, दुरुस्ती, सामान सगळं धरून ४८ च्या वर जायचं नाही. होमस्टे करायचाय, राहायला नाही जायचं, त्यामुळे प्रेमात पडून चालणार नाही असं बायको गाडीत तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती स्वतःच फोनवर विहिरीचे फोटो बघत होती.

१३ जानेवारी

मेव्हण्याशी फोनवर तासभर. तो ठाण्याला असतो, निम्मे पैसे त्याचे. त्याचं म्हणणं, "भावोजी, दुरुस्तीचा पक्का आकडा एक्सेलमध्ये आल्याशिवाय ऑफर द्यायचीच नाही." माझं म्हणणं, पक्का आकडा काढायला पक्कं कोटेशन लागतं, आणि जे घर आपलं होईल की नाही माहीत नाही त्याचं पक्कं कोटेशन चांगला माणूस देत नाही, आणि जो देतो तो घाईत छापील रेट टाकून देतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत म्हणून भांडण मिटत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. कोटेशन नको, नजरअंदाज हवा. आणि तो फुकट नाही मागायचा, पैसे देऊन घ्यायचा. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात पाणी भरलं, आमच्याही घरात माळ्यापर्यंत, त्यानंतर आमचं काम ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं ते आता काम घेत नाहीत, गुडघे गेलेत. पण डोळे आणि कान शाबूत आहेत. त्यांना विचारलं. १५०० रुपये आणि जेवण, मासे असतील तर येतो म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

मिस्त्री घराभोवती आधी एक चक्कर मारून आले, आत गेलेच नाहीत. पागोळ्या कुठे पडतात ते जमिनीवर बघितलं. मग जोत्याचे चिरे बघितले. मागच्या भिंतीला दीड हात उंचीपर्यंत लोणा लागलाय, हात लावला की पांढरी पूड. त्यांनी विचारलं इथे सिमेंटचं प्लास्टर कोणी केलं, काका म्हणाले धाकट्या भावाने. मिस्त्री म्हणाले जांभ्याला श्वास घ्यायला लागतो, तुम्ही त्याला बाहेरून सिमेंटचा कोट घातलात तर ओल घराच्या आतल्या बाजूला येणार. हे प्लास्टर काढून नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरायच्या.

मग शिडी लावून माळ्यावर. माझ्याकडचा स्क्रूड्रायव्हर मागितला. एकेका वाशाला टोचत गेले, टक, टक, टक, ऐनाचं लाकूड आहे, लोखंडासारखं लागतंय. मधल्या तुळईपाशी टोचला तो मुठीपर्यंत आत गेला, आवाज न करता. बाहेर काढला तर टोकाला कणकेसारखी पूड. वरून बघितलं तर तुळई अख्खी दिसते, रंग दिलाय. आणि तिच्या पोटाला एक फळी खिळ्यांनी ठोकलेली, तिलाही तोच रंग. वादळात माड पडला होता छपरावर, तेव्हा तुळई तडकली, बदलायला पैसे नव्हते म्हणून फळी मारली. काका खाली उभे होते, त्यांनी लपवलं नाही, विचारल्यावर सरळ सांगितलं, पण आम्ही विचारलं नसतं तर सांगितलं नसतं हेही खरं.

कौलं. मिस्त्रींनी पडवीच्या कोपऱ्यात रचलेल्या जुन्या कौलांपैकी एक उचलून बोटाच्या पेराने वाजवलं, खणखणीत. दुसरं वाजवलं, बद्द. "हे पाणी पिणार." घर साडेअकराशे स्क्वेअर फूट पण उतार आणि पाख्या धरून छप्पर साडेसतराशेला जातं, शंभर फुटाला १४० च्या आसपास कौलं बसतात, म्हणजे २४५० कौलं. त्यातली निम्म्याहून जास्त जुनी चालतील असं म्हणाले.

जेवताना (पापलेट नव्हतं, बांगडा होता, चालला) कागदाच्या मागे आकडे लिहून दिले. छप्पर साडेचार, भिंती आणि दर्जा दीड, दोन न्हाण्या दोन संडास आणि सेप्टिक टाकी तीन, लाईट दीड, फरशी आणि किरकोळ दीड. बारा. "पण तू चौदा धर. बारा मी बघितलंय त्याचे, दोन बघितलं नाही त्याचे."

हा कागद मी वहीत चिकटवलाय. तेलाचा डाग आहे त्यावर.

२ फेब्रुवारी, रविवार

आता ४८ मधून उलटं मोजलं. दुरुस्ती १४, मुद्रांक आणि नोंदणी आणि वकील मिळून २ धरले, गाद्या, एसी, भांडीकुंडी दीड. राहिले साडेतीस. मेव्हण्याच्या एक्सेलमध्येही हेच आलं, फक्त रंगीत.

काकांना २८ बोललो. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझ्या आज्याने बांधलंय हे, तुम्ही रद्दीच्या भावात मागताय." वाईट वाटलं. मी मिस्त्रींचा कागद खिशातून काढणार होतो पण बायकोने डोळ्याने नको सांगितलं, आणि ते बरोबर होतं. समोरच्या माणसाला त्याच्या घराच्या रोगांची यादी वाचून दाखवली की तो किंमत कमी करत नाही, तो उठून जातो. मी फक्त तुळईचं बोललो. ते त्यांनाही माहीत होतं आणि गेली साडेचार वर्षं त्यांनाच खुपत होतं बहुतेक. ३१ ला आलो. अर्धा लाख डोक्यावर गेला, चालेल.

नजरअंदाजाचा उपयोग एवढाच झाला, पण इथे नऊ पानी कोटेशन असतं तरी याहून जास्त काही झालं नसतं.

९ फेब्रुवारी

वकिलांनी सातबारा आणि फेरफार बघितले. सात नावं. काका, दोन भाऊ, एका मयत भावाची बायको आणि दोन मुलं, आणि बदलापूरची बहीण. बहिणीशी बोलणं नाही, का ते कोणी सांगत नाही. वकील म्हणाले सातही सह्या किंवा त्यांची कुलमुखत्यारपत्रं येणार असतील तरच पुढे, नाहीतर आत्ताच चहा पिऊन उठा. शेतीची जमीन असल्याने शेतकरी असल्याचा पुरावा लागतो तो आमच्याकडे आहे, वडिलांची जमीन आहे, बायकोचं नावही त्या सातबाऱ्यावर मागेच लागलंय.

विसारपावती ५१ हजारांची, ६० दिवसांची. त्यात मी एक गोष्ट घालायला लावली, पहिले २१ दिवस घर आमच्या माणसांना मोजायला आणि उघडून बघायला खुलं राहील आणि त्या मुदतीत आम्ही मागे फिरलो तर १० हजार कापून बाकी परत. वकील हसले, म्हणाले दापोलीत असं कोणी लिहून घेत नाही. काकांच्या मुलाने खळखळ केली. काकाच म्हणाले, "लिहू दे रे, त्यांना फिरायचं असतं तर मासे खाऊन गेले असते."

म्हणजे आता मला २१ दिवस आहेत आणि आता कॉन्ट्रॅक्टर बोलवायचे. मागच्या वेळी जे पहिल्या दिवशी केलं ते यावेळी महिन्याने करतोय, आणि आता मी त्यांना सरळ सांगू शकतो की विसार दिलाय, किंमत ठरलीय, तुमचा आकडा बसला तर काम आहे. फोनवर हे वाक्य बोलल्यावर समोरचा आवाजच बदलतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिघांना एकाच दिवशी पण वेगवेगळ्या वेळेला बोलावलं. आधी रात्री बसून एक मापाचा कागद केला, कुठलं काम, किती फूट, किती नग, आणि तिघांना तोच कागद दिला की तुमचे रेट यातच भरा, तुमचा फॉर्म नको. जास्तीचं लाकूड निघालं तर घनफुटाला काय घेणार, जास्तीचा गवंडी लागला तर रोज काय, याच्याही दोन ओळी होत्या. दोघांनी भरतो म्हटलं. तिसरा कागद न बघताच म्हणाला, "हे कशाला ठेवताय, पाडा सगळं, वर स्लॅब टाकून दोन मजली करू, सहा रूम निघतील."

ऐकायला गोड. पण हे घर भरतीरेषेच्या इतकं जवळ आहे की सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांतल्या, ना-विकास पट्ट्यात येतं, तिथे असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, परत उभं करायचं तर त्याच जोत्यावर आणि तेवढंच, वाढवता येत नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीचा, मी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवला होता, त्यावर घर जुनं आहे आणि किती आहे ते दिसतं. त्याला हे सांगितलं तर म्हणाला "ते बघून घेऊ." जो बघून घेतो म्हणतो त्याला मी पुढे बघत नाही. त्याने तरी कोटेशन पाठवलं, स्क्वेअर फुटाला १९००, बाकी काही नाही, एका ओळीत.

१ मार्च, शनिवार

विसाव्या दिवशी दोन्ही कोटेशनं आली. याला कोकणी वक्तशीरपणा म्हणतात.

पहिला, खेडचा, मटेरियलसकट १४ लाख ६०. खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा, १८ टक्के धरला तर १७ लाख २३ हजार होतात. दुसरा, दापोलीचाच, ८ लाख २०. मेव्हण्याचा लगेच मेसेज, अर्ध्यात होतंय भावोजी! अंगठा वगैरे.

नाही होत. दुसऱ्याने उक्तं, म्हणजे एकरकमी, काम घेतलंय पण छपराचं लाकूड मालकाचं लिहिलंय, सेप्टिक टाकीची ओळ रिकामी सोडलीय, लाईटचीही रिकामी, "आमचा माणूस नाही" म्हणे. लाकूड २ लाख १०, टाकी १ लाख ६०, लाईट १ लाख ४०, हे मी वेगळे विचारून भरले. १३ लाख ३० झाले. माझा मापाचा कागद नसता तर रिकाम्या ओळी दिसल्याच नसत्या, नुसते खालचे दोन आकडे दिसले असते आणि मी दुसऱ्याला हो म्हणून बसलो असतो आणि संडासाची टाकी जूनमध्ये आठवली असती.

मिस्त्रींचे १४ आणि हे १३.३०. म्हातारा माणूस, पापलेट मिळालं नाही तरी एवढं बरोबर.

मागे फिरायचं नाही ठरलं. २१ दिवसांची मुदत उद्या संपते, काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले मला माहीत होतं.

१४ मार्च

शिमगा. काल होळी लागली, आता पालखी घरोघरी फिरणार, त्यामुळे कामाचं कोणी बोलत नाही आणि बोलूही नये.

२९ मार्च

बदलापूरची बहीण आली. भावाच्या घरी उतरली नाही, आमच्याच गाडीतून आली, आमच्याच गाडीतून गेली. पण ओटीवर बसून खांबाला हात लावून बराच वेळ होती. सही करते म्हणाली. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवर कोणाची हरकत नाही.

९ एप्रिल, बुधवार

खरेदीखत झालं, दापोलीला. बायकोच्या नावावर केलं, बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे पण वकील म्हणाले ती निवासी मालमत्तेला, इथे वाडीची जमीन आहे, त्यामुळे सगळ्याला लागेल असं धरू नका, म्हणून आम्ही बजेटमध्ये ती धरलीच नव्हती. नोंदणी फी ३० हजार, ती त्याच्या वर जात नाही. सात सह्या आणि अंगठे होईस्तोवर चार वाजले. काकांनी चावी दिली ती सुतळीत बांधलेली.

२० एप्रिल, रविवार

दापोलीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, आता चालू करा. तो म्हणाला ८ लाख २० आता नाही, ८ लाख ९०. का? तर कोटेशनवर खाली "३० दिवस ग्राह्य" लिहिलंय, १ मार्चचं आहे, तीस दिवस कधीच गेले. वाचलं तर खरंच लिहिलंय. मी चिडलो, भरपूर बोललो, तोही बोलला, मध्ये रेंज गेली ते बरं झालं.

नंतर विचार केला तर चूक माझीच आहे. कोटेशन घ्यायची वेळ मी बरोबर साधली, विसार आणि खरेदीखत याच्या मध्ये, पण कोकणात सह्या गोळा व्हायला जो वेळ लागतो तो धरलाच नाही. त्याच्याकडून तेव्हाच ९० दिवस लिहून घ्यायला हवं होतं, त्याला तेव्हा काम हवं होतं, लिहून दिलं असतं त्याने.

मिस्त्रींना फोन केला वादात मदत करतील म्हणून. ते वादावर काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "आता एप्रिल संपला, तू छप्पर कशाला उघडतोस? मे महिन्यात चाकरमानी गावाला आला की प्रत्येकाला शाकारणी (पावसाआधी कौलं नीट लावणं) आठवते, गवंडी विजापूरला जातो, सुतार मिळत नाही. छप्पर उघडून बसशील आणि आगोट (पावसाची सुरुवात) अंगावर येईल. दसऱ्यानंतर कर."

मेव्हणा वैतागला, एक पूर्ण दिवाळी सीझन बुडणार म्हणून. त्याचा हिशोब बरोबर आहे, पर्यटक येतात ते मे, दिवाळी, नाताळ आणि जोडसुट्टीला, त्यातली दिवाळी गेली म्हणजे गेली. पण मी मिस्त्रींचं ऐकणार. तुळईखाली दोन लोखंडी टेकू आणि पडवीचा पत्रा घट्ट करणं, एवढंच आता, २३ हजार.

१२ मे

विहीर बघायला आलो, मुद्दाम या महिन्यात, विहिरीची परीक्षा मे महिन्यातच. चार फूट पाणी आहे आणि गोड आहे. शेजारच्यांची मचूळ झालीय. शेजारच्यांनी छप्पर उघडलंय, लाकूड नवं घालतायत, "सात जूनच्या आत कौलं चढतात" म्हणाले. हेवा वाटला थोडा.

२५ मे, रविवार

पाऊस वीस-एकवीसपासूनच लागलाय, आणि आज हवामान खात्याने मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला म्हणून जाहीर केलं. मे महिन्यात! शेजारच्या घरावर ताडपत्र्या, आत नवं लाकूड भिजतंय, त्यांचा सुतार गावी गेला तो आलाच नाही. त्यांच्या पुढच्या भिंतीचा मातीचा गिलावा सुटून खळ्यात लाल ओघळ आलाय. आम्ही त्यांना आमचं जास्तीचं प्लास्टिक दिलं. मेव्हण्याला फोटो पाठवला. त्याने उत्तर दिलं नाही, अंगठाही नाही.

आमच्याकडे माजघरात दोन बादल्या.

२९ ऑगस्ट

गणपतीचा तिसरा दिवस. काकांनी विचारलं होतं, या वर्षी त्याच घरात बसवू का. बसवला. ओटीवर मखर, वर टेकू. बदलापूरची बहीणही आलीय, यावेळी एसटीने, भावाबरोबर.

२३ सप्टेंबर

कालपासून सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झाला. तिघाचौघांचे मेसेज, आता काम स्वस्त होणार. मोजलं. आपल्या कामाला २५० गोणी, गोणीमागे तीसेक रुपये, साडेसात हजार. तेरा लाखाच्या कामात साडेसात हजार. जुन्या घराच्या दुरुस्तीत पैसे जातात ते लाकडात आणि मजुरीत, सिमेंट म्हणजे भाजीतलं मीठ.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. तोच मापाचा कागद, तुळईची ओळ सुधारून, पुन्हा दोघांना दिला. खेडचा म्हणाला या वर्षी जमणार नाही. दापोलीच्याने यावेळी लाकूड, टाकी, लाईट सगळं धरून १३ लाख ६० दिले. मार्चच्या १३.३० पेक्षा ३० हजार जास्त. एप्रिलच्या फोनचं कोणीच काढलं नाही.

स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. १५ टक्के उचल, छप्पर चढलं की ३५, टाकी आणि न्हाण्या झाल्या की ३०, काम संपलं की १५, आणि शेवटचे ५ टक्के पुढच्या पावसाचा पहिला महिना गेल्यावर. या शेवटच्यावर तो अडला, "म्हणजे माझे ६८ हजार पुढच्या जुलैपर्यंत तुमच्याकडे?" मी म्हटलं छप्पर गळलं नाही तर १ जुलैला ओटीवर बसून देतो, कांदाभजी माझ्याकडून. जास्तीच्या लाकडाचा रेट मार्चच्याच ओळीवर ठेवला, ऐन घनफुटाला १९००, आणि मजुरी वेगळी.

मिस्त्रींना पुन्हा १५०० देऊन हा कागद दाखवला. त्यांनी एकच बदल सांगितला, कौलं उतरवताना फुटली तर कोणाची, ते लिही. लिहिलं, शंभरपर्यंत आमची, वरची त्याची.

१६ नोव्हेंबर, रविवार

छप्पर उतरलं. घर उघडं पडल्यावर किती लहान दिसतं. कौलं फुटली ७४.

मधली तुळई तर जाणारच होती, पण तिच्या दोन्ही बाजूच्या तुळयांची भिंतीत गेलेली टोकं वाळवीने खाल्लेली निघाली, हे मिस्त्रींनाही जानेवारीत दिसणं शक्य नव्हतं, ते भिंतीच्या आत होतं. १४ फुटाच्या दोन, साधारण सव्वानऊ घनफूट. कॉन्ट्रॅक्टरने मोबाईल काढून ऑक्टोबरचा कागद उघडला, मीही वही उघडली, दोघांचा आकडा जुळला, मजुरीसकट २२ हजार. मिस्त्रींच्या "बघितलं नाही" च्या दोन लाखांतले, म्हणजे खरं तर १३.६० आणि १४ मधल्या चाळीस हजारांतले. अजून १८ आहेत.

पाडलेल्या तुळईतून ती ठोकलेली फळी काका घेऊन गेले, पाट म्हणून काही ठेवायला बरी आहे म्हणाले, काय ठेवायला ते विचारलं नाही.

उद्या साडेनऊला खेडहून रिपांची, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांची, गाडी येतेय, पाणंदीत मोठी गाडी वळत नाही म्हणून टेम्पोत उतरवून आणायच्या, चार माणसं सांगितलीत, दोन येतील असं धरून चाललोय.